समासातलं टिंब

सोमवार, ता. २

पोचलो एकदाच्या. सतरा खोकी, दोन गाद्या, शिवणयंत्र आणि टिंबू एवढा ऐवज एका गाडीत मावला. गाडीवाला म्हणाला की एवढ्याशा सामानात कुणी संसार करतं का. मी म्हटलं, दोघींना पुष्कळ झाला. टिंबू सगळा प्रवास मांडीवर काचेची बाटली धरून बसली होती. त्यात तिने जुन्या घरातल्या वेलीची फांदी लावली आहे. अर्धं पाणी तिच्या झग्यावर सांडलं, पण फांदी जिवंत आहे.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीतून समोर चप्पल शिवणाऱ्याचं दुकान दिसतं. नळाला पाणी येताना आधी खोकल्यासारखा आवाज येतो. घरमालकीण खाली राहतात. टिंबूने त्यांना दहा मिनिटांत मावशी करून टाकलं आणि त्यांच्याकडून दोन वेण्याही घालून घेतल्या. माझ्याकडून वेणी घालून घेताना हीच मुलगी घर डोक्यावर घेते.

टिंबूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. अकरा वर्षं मी घरी बसून छापखान्यांची मुद्रितं तपासली. ती चार वर्षांची असल्यापासून लाल पेन्सिल घेऊन शेजारी बसायची. आमच्या कामातल्या खुणा तिला येत नसत, म्हणून चूक दिसली की समासात एक लाल टिंब द्यायची. चूक खरी निघाली की मी तिला पाठुंगळी घेऊन खोलीभर एक फेरी मारायची, असा करार. आता ती आठ वर्षांची आहे, माझी पाठ मोडायला आली आहे आणि करार चालूच आहे.

उद्या नोकरीचा पहिला दिवस. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका घरी बसून काढल्या, आता कचेरीत बसून काढायच्या. टिंबू झोपली आहे, एक पाय माझ्या पोटावर. लिहायला अवघड जातंय, पण पाय काढवत नाही.

मंगळवार, ता. ३

कचेरी घरापासून बारा मिनिटांवर. खाली छापखाना, वर बातम्यांचा विभाग. पुरवणी छापायला लागली की टेबलावरचा चहा कपातच थरथरतो. संपादकांना सगळे साहेब म्हणतात. ते कधी बसत नाहीत. उभ्यानेच वाचतात, उभ्यानेच रागावतात आणि उभ्यानेच विसरतात.

दैनिकाच्या चौथ्या पानावर तळाशी 'खुलासा' नावाची चौकट आहे. काही चुकीचं छापलं गेलं तर तिथे दुरुस्ती द्यायची. ती आता माझ्या ताब्यात. साहेबांनी अभिमानाने सांगितलं की चौदा वर्षांत एकही खुलासा छापावा लागलेला नाही. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे चपलांची जाहिरात जाते. मला वाटलं, काय काटेकोर माणसं आहेत. मग आजचा अंक वाचला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ चुका. अपघातात वर पाच ठार, खाली सात. एक गृहस्थ मथळ्यात चौसष्ट वर्षांचे, बातमीत सेहेचाळीस. एक इमारत पहिल्या पानावर दुमजली, तिसऱ्या पानावर चार मजली.

खात्री कशी करता, असं विचारलं तर सगळ्यांनी एका लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं. आपल्याकडे जे छापून येतं त्याचं कात्रण या कपाटात जातं आणि पुढच्या वेळी त्याच्यावरूनच पडताळून पाहतात. म्हणजे एकदा चुकलं की ते कायमचं बरोबर. पानं लावणारे अण्णा म्हणाले की नदीवरच्या पुलाची लांबी वीस वर्षं चुकते आहे, पण वीस वर्षं एकसारखी चुकते आहे.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: खात्री नाही, तर छपाई नाही. नियमही मांडला. छापण्याआधी बाहेरच्या एका माणसाला तरी फोन करायचा. स्वतःच्या कात्रणावर आणि स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं नाही. साहेब हसले, नव्याचे नऊ दिवस म्हणाले. अण्णांनी मात्र नियम वहीत उतरवून घेतला. सज्जन माणूस आहे.

एक वार्ताहर आहे, त्याला सगळे फोनबहाद्दर म्हणतात. कान आणि खांदा यांच्या मध्ये फोन धरूनच तो जन्माला आला असावा. 'नवे सहकारी' या चौकटीसाठी त्याने माझी माहिती घेतली. घरी कोण कोण, असं विचारलं. मी सांगितलं की नवरा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला, तेव्हापासून आम्ही दोघीच, मी आणि लेक. तो हं हं म्हणाला आणि मध्येच दुसऱ्या फोनवर हं हं म्हणायला लागला.

माझ्या टेबलासमोर तक्रारदारांसाठी बाकडं आहे. टेबलावर एक तक्रारवही आणि 'निकाली' असा लाकडी शिक्का. चौदा वर्षांत खुलासा नाही, पण शिक्क्याची शाई ओली आहे.

बुधवार, ता. ४

चौकट आली. फोटो चांगला आहे, नाक जरा मोठं. बारा ओळींत माझा अनुभव, आवडीनिवडी आणि शेवटी असं: 'पतीच्या निधनानंतर त्या एकट्याच राहतात.'

टिंबूने दूध पिता पिता वाचलं. लाल पेन्सिल काढली, समासात टिंब दिलं आणि हक्काची पाठुंगळी वसूल केली. मग म्हणाली की मी तर इथे नाहीच आहे, हे दुरुस्त कधी करणार. मी म्हटलं, उद्या.

खरं लिहायचं तर मला लाज वाटली. चौदा वर्षांतला पहिला खुलासा आणि तोही खुलासेवालीचाच. आल्या आल्या स्वतःचंच घोडं पुढे दामटलं म्हणतील. फोनबहाद्दरला पहिल्याच आठवड्यात तोंडावर पाडणंही बरं दिसत नाही. एवढ्याशा ओळीने कुणाचं काय बिघडतं?

चार अंक जास्तीचे आणले. एक आईला पोस्टाने पाठवला. एक मावशींना दिला. एक टिंबूच्या शाळेत मोठ्या बाईंना दिला, आई काय काम करते ते कळावं म्हणून. टिंबाचा अंक स्वयंपाकघरात भिंतीला लावला. चौथा जपून ठेवला आहे. छापून आलेल्या नावाची हौस माणसाला कुठल्या वयात सुटते कोण जाणे.

शुक्रवार, ता. ६

पहिला तक्रारदार. चित्रकला शिकवणारे निवृत्त मास्तर, बाकड्यावर ताठ बसलेले. त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या एका गृहस्थांचं निधन झालं, त्या बातमीत दैनिकाने कपाटातून यांचा फोटो काढून छापला. सहा वर्षं झाली. मास्तर हसत सांगत होते की फोटो तरुणपणीचा होता, निदान तेवढा मान राखला. मी सगळं तक्रारवहीत लिहून घेतलं, त्यांना पाणी दिलं.

साहेबांकडे वही नेली तर ते म्हणाले की आज कुणी आलंच नाही. मी म्हटलं, बाकड्यावर बसलेत की. त्यांनी वाकून बाकड्याकडे बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. अंगावर काम घ्यायचं नसलं की लोकांना दिसेनासं होतं, असं मी मनात म्हटलं.

टिंबू सांगत होती की वर्गात हजेरी घेताना बाई तिचं नाव विसरल्या. तिने दोनदा हात वर केला. तिला गंमत वाटली. खुलासा कधी, हेही विचारलं. मी म्हटलं, सोमवारी नक्की.

सोमवार, ता. ९

मावशींनी केक केला होता, वर आणून दिला. एक तुकडा. तुम्हाला संध्याकाळी एकटीला खायला उठत असेल हो घर, असं म्हणाल्या. टिंबू त्यांच्या समोर उभी होती, वेणी सुटलेली, रिबीन हातात धरून. मावशींनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि खाली निघून गेल्या.

टिंबू म्हणाली की मावशी रागावल्या वाटतं. मी म्हटलं, त्यांचं वय झालं. तुकडा टिंबूने खाल्ला, कडा शेवटी, नेहमीसारख्या.

आज साहेब कामात होते. खुलाशाचं राहिलं.

बुधवार, ता. ११

दुसरी तक्रार. एक नर्सबाई. त्यांनी रुग्णालय सोडलं असं दैनिकाने छापलं, सोडलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. तेव्हापासून त्यांच्या कामाच्या ठिकाणी त्यांच्याशी कुणी बोलत नाही. पाळीला जातात, रुग्णांच्या उशा नीट करतात, पण कोणी वळून बघत नाही. साहेबांनी जाता जाता वही उचलली, पुरावा नाही असं म्हणाले आणि माझ्या हातून नर्सबाईंच्या नोंदीवर निकालीचा शिक्का मारून घेतला. मी नोकरीत नवी. मारला.

शिक्का उचलला आणि बाकड्यावर नर्सबाई नव्हत्या. दार उघडल्याचा आवाज आला नाही. जिन्यावर कोणी नव्हतं.

गुरुवार, ता. १२

मास्तरांनी आज मला सगळं सांगितलं. सकाळीच ते पुन्हा बाकड्यावर येऊन बसले होते.

ते म्हणाले की त्यांची बायको त्यांच्याच फोटोसमोर बसून जेवते. ते समोरच्या खुर्चीत असतात. पहिले काही दिवस तिला शंका यायची, हाक मारायची. मग दैनिकाने वर्षभराने 'पुण्यस्मरण' छापलं, कपाटातल्या कात्रणावरून. दुसऱ्यांदा छापून आल्यावर तिची शंकाही गेली. लोक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापलेल्याला मानतात, असं म्हणून मास्तर हसले. दुरुस्तीचं काम ज्याच्याकडे, त्याला अशी माणसं या बाकड्यावर दिसतात. शिक्का बसला की त्यालाही नाही. खुलासा छापून आला तर सगळं पूर्ववत होतं, असं ऐकून आहेत. कुणाचा छापून आलेला मात्र त्यांनी बघितलेला नाही.

मग त्यांनी विचारलं की माझ्याबद्दलची ती चौकट बरोबर होती ना.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत शाळेत गेले.

शुक्रवार, ता. १३

काल लिहिता आलं नाही. वर्गात टिंबूच्या जागेवर दुसरी मुलगी बसवली आहे. टिंबू मागे भिंतीला टेकून उभी होती, दप्तर पाठीवर तसंच. तीन दिवस उभी आहे म्हणे. मला सांगितलं नाही, कारण मी दमून येते.

मोठ्या बाई फार गोड बोलल्या. दाखला शोधला, सापडला नाही. मग म्हणाल्या की तुमच्याबद्दल वाचलं हो, आणि माझा हात हातात घेतला. त्यांच्या टेबलावर मी दिलेला अंक होता.

घरी येताना टिंबूने विचारलं की ती हळूहळू पुसली जाते आहे का. मी म्हटलं, वेडी कुठली. मग चप्पलवाल्याच्या दुकानासमोर मला रडू फुटलं. तो बाहेर आला, मला पाणी दिलं. एकच पेला.

शनिवार, ता. १४

खुलाशासाठीचा पिवळा अर्ज भरला. नियम असा की ज्याच्याबद्दल चूक झाली त्याने स्वतः संपादकांसमोर हजर व्हावं. टिंबूला तिचा निळा झगा घातला. मोजे दोन रंगांचे निघाले, बदलायला वेळ नव्हता. साहेबांसमोर उभी केली.

साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले की ठीक आहे, मुलीला आणा. मी म्हटलं, ही काय. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा म्हणाले, आणा. टिंबूने हात वर केला, वर्गात करतात तसा. तो तसाच वर राहिला. शेवटी मीच खाली घेतला.

रविवार, ता. १५

आईला फोन. तिने टिंबूला नऊ स्वेटर विणले आहेत, तिच्या जन्माच्या वेळी बावीस तास दवाखान्याच्या बाकावर बसून होती. आई म्हणाली की अंक पोचला, शेजारणींना दाखवला. मी म्हटलं, टिंबूशी बोल. ती म्हणाली, कोण गं?

मग म्हणाली की एका परीने बरंच झालं, पदरात मूल नाही, तुला सुटसुटीत नोकरी करता येते. टिंबूने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आजी, मी आहे, मी आहे, असं म्हणत राहिली. आई म्हणाली, लाईनवर खरखर फार आहे गं, ठेवते.

टिंबूचा हलणारा दात संध्याकाळी पडला. आधी ठरलं होतं की पडला की आजीला फोन करायचा. तिने दात काडेपेटीत ठेवला आणि काडेपेटी दप्तरात. माझ्यामुळे झालं हे. बारा ओळींतली एक ओळ, ती वेळेवर खोडली असती तर. मी उद्या म्हटलं. माझ्या लेकराला मी उद्या म्हटलं.

मंगळवार, ता. १७

साहेब गावाला गेले होते, म्हणून काल चार ओळींचा खुलासा लिहून अण्णांच्या हातात दिला. 'आमच्या सहकारी एकट्या राहत नाहीत. त्यांना आठ वर्षांची मुलगी आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' अण्णांनी मान डोलावली. मी आणि टिंबू रात्री जागलो, हसलो, तिने खुलासा पाठ केला.

आज चौथ्या पानावर चपला.

अण्णा स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले की नियमाप्रमाणे बाहेर फोन केला. मावशींना केला, शाळेत केला, दोघीही नाही म्हणाल्या. खात्री नाही तर छपाई नाही, तुम्हीच शिकवलंत. ते टोमणा मारत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या बहिणीचंही नवरा गेल्यावर असंच झालं होतं म्हणे, एकटेपणात माणूस मनाने काय काय जोडून घेतं.

ज्या कचेरीत वीस वर्षं पूल मोजला नाही, तिथे पहिली खात्री करून घेतली ती माझ्या मुलीची.

गुरुवार, ता. १९

वर्धापन दिनाची पुरवणी. सगळ्या कर्मचाऱ्यांची ओळख. मला विचारलं नाही, कपाटातलं कात्रण होतं. फोनबहाद्दरने पदरचा मीठमसालाही घातला: 'पतीच्या निधनानंतर त्या एकट्याच असतात. मूलबाळ नाही, कामालाच लेकरू मानतात.'

दुसऱ्यांदा. मास्तरांनी वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

शुक्रवार, ता. २०

सकाळी एकच डबा भरला. दाराबाहेर पडले, कुलूप लावलं. आतून कुणीतरी दार वाजवत होतं. मला वाटलं, वाऱ्याने वाजतंय. अर्ध्या रस्त्यावर आठवलं.

धावत परत. ती दाराला पाठ लावून बसली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, असू दे गं आई.

शनिवार, ता. २१

रोज पहिली ओळ हीच लिहायची. माझी मुलगी टिंबू. वय आठ. केसांना खोबऱ्याच्या तेलाचा वास. झोपताना पाय माझ्या पोटावर. पावाच्या कडा शेवटी खाते. पुढचा एक दात नाही.

ती आता जवळ बसून मला सांगते, मी लिहिते. मध्ये मध्ये विचारते की आत्ता माहितेय ना. भिंतीवरचा अंक फाडला. जपून ठेवलेलाही फाडला. फाडून काय होणार, गावभर आहे.

भीती वाटते. ती दिसेनाशी झाल्यावर मला काहीच वाटणार नाही, याची सगळ्यांत जास्त.

सोमवार, ता. २३

माझी मुलगी टिंबू. वय आठ. केसांना — तेल. पाय.

बाजारात हात सोडला. का सोडला आठवत नाही. हातात काही आहे हे लक्षात नव्हतं — घरी आले तर मागून चालत आली होती. सगळा रस्ता. एकटी.

मंगळवार, ता. २४

मुलगी. आठ. नाव काहीतरी लहानसं

विचारलं की तू कुणाची. तिने सांगितलं. मी हो म्हटलं, पण तिला कळलं. मग तिनेच दिवा बंद केला.

बुधवार, ता. २५

छान झोप लागली. पोटावर काही ओझं नव्हतं.

ही वही मागून चाळली. गोष्ट लिहायला घेतली असावी मी. मुलीचं पात्र बरं जमलंय, फोनचा प्रसंग तर दोनदा वाचला. पण हे खरं धरायचं कशावर? सगळं एकाच हातचं, तेही माझ्याच. स्वतःच्या कात्रणावर विसंबायचं नाही.

गुरुवार, ता. २६

कपाटात नऊ स्वेटर. लहान. आधीच्या भाडेकरूंचे असतील, मावशींना देऊन टाकले. बाटलीतल्या फांदीला मूळ फुटलंय. कुणी लावली?

दिवसभर छातीत दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

शुक्रवार, ता. २७, दुपार. कचेरीतच लिहिते आहे.

एक तक्रार. मास्तरांबरोबर एक मुलगी आली. वय आठच्या आसपास, निळा झगा, दोन रंगांचे मोजे. तक्रार अशी की दैनिकात तिचा उल्लेख राहिला. ती म्हणते, मी तिची आई. लिहून घेतलं. लहानांची तक्रारही तक्रारच.

पुरावा विचारला. तिने काडेपेटी दिली. आत दुधाचा दात. दातावर नाव नसतं, बाळ, असं मी तिला नीट समजावलं. मास्तरांनी विनवलं की शिक्का तेवढा मारू नका. पण नियम सगळ्यांना सारखा. घरमालकिणीला फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्हाला मूल कुठलं हो.

शिक्का मारला. शाई ओली आहे म्हणून तक्रारवही अजून उघडीच ठेवली.

त्याआधी मुलगी टेबलाशी आली होती. रडली नाही. म्हणाली की तुम्ही काय लिहिता ते बघू का. मी म्हटलं, बघ. खांद्याशी उभी राहिली. तेलाचा वास येत होता. मी तिच्यासमोरच याच पानाच्या माथ्यावर लिहून ठेवलं, म्हणजे तिचाही गैरसमज दूर होईल:

मी एकटीच राहते. मला मूल नाही. खात्री केलेली आहे.

आता बाकड्यावर कुणी नाही. मास्तर एकटेच जिन्याशी उभे आहेत, हात असा धरून, जसा काही हातात —

समासात हे काय

त्या ओळीसमोर. लाल. पेन्सिलीचं

चूक दिसली की समासात —

पाठुंगळी

टिंब — टिं